शाळेत डोंगरभटकंतीचं मंडळ सुरू करताना : मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी

पहिल्या वर्षी 24 पेक्षा जास्त मुलं घेऊ नका. नोटीस लागली की शंभर हात वर होतात आणि कुणाला नाही म्हणणं जिवावर येतं, तरीही घेऊ नका. डोंगरात दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, शिवाय सगळ्यांत पुढे एक आणि सगळ्यांत मागे एक. 24 मुलांना पाच मोठी माणसं झाली. मुली असतील तर त्यांत किमान एक बाई हव्यातच. एवढी माणसं एका शाळेतून महिन्यातला एक रविवार देऊ शकत असतील, तरच मंडळ टिकतं. सहावी ते नववी हा वयोगट योग्य. दहावीच्या मुलांना परीक्षेमुळे सातत्य ठेवता येत नाही, आणि पाचवीच्या खालच्या मुलांना पाणी, पाय आणि ऊन यांचा अंदाज नसतो.

गड हे मंडळाचं शेवटचं पाऊल आहे. सुरुवात शाळेच्या मैदानावरूनच करायची. चालायचं कसं, थांबायचं कधी, पाणी किती प्यायचं, रांगेत आपल्या मागे कोण आहे हे अंगवळणी पडल्यावरच डोंगर. वर्षातून एकदा दोन बस भरून मुलांना गडावर सोडलं, तर त्यातलं काहीच शिकवून होत नाही आणि जोखीम मात्र पूर्ण राहते.

जून : कागदपत्रं आणि माणसं

मुख्याध्यापकांची मान्यता घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या. शाळेच्या आवाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मोहिमेसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी वेळेत मागा. पंधरा दिवस आधी अर्ज केला तर धावपळ होत नाही. वनक्षेत्रात जाणार असाल तर वन विभागाची परवानगी वेगळी लागते. गौताळा अभयारण्य 1986 पासून संरक्षित आहे. तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे 'आम्ही शाळेचे आहोत' एवढ्यावर आत जाता येत नाही. दोर लावून काही करायचं असेल तर बाहेरची संस्था बोलवावी लागेल. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली आहे का, ते आधी विचारा.

पालकांचं संमतिपत्र एका पानात बसवा, पण त्यात तीन प्रश्न हवेतच : मुलाला दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा चक्कर येण्याची सवय आहे का? मधमाशी चावल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला होता का? सध्या कोणतं औषध चालू आहे? मधमाशीचा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये नसतो. मराठवाड्यातल्या गडांवर तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण पुढे येईल.

वर्षाची आखणी

आपल्याकडचा हंगाम सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखा नाही. धो धो पावसाने वाटा बंद होण्याचा प्रसंग इथे कमी, पण ऊन लवकर येतं. जुलै ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा एवढाच काळ धरा. फेब्रुवारीच्या शेवटी उघडा काळा कातळ अकरा वाजताच चटके देतो.

बीड, धारूर, वडवणी, केज या भागांतल्या शाळांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर बरीच मुलं गाव सोडतात. मुख्य गड डिसेंबरात ठेवला, तर ज्या मुलांनी जुलैपासून घाम गाळला त्यांतली निम्मी त्या दिवशी फडावर असतील. म्हणून मोठी मोहीम दिवाळीच्या आधी. ऑक्टोबरात बालाघाटात सीताफळंही पिकलेली असतात, पण ती शेतकऱ्याची आहेत हे निघण्यापूर्वीच सांगून टाका.

जुलैत दर शनिवारी शाळा सुटल्यावर 3 ते 5 किलोमीटर चाल, पाठीवर दप्तर आणि त्यात दोन लिटर पाणी. ऑगस्टमध्ये गावाजवळची टेकडी, दोनदा. सप्टेंबरात 8 ते 10 किलोमीटरची वाट. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी म्हणून त्याच दिवशी निघायचा मोह होतो. पण ध्वजारोहण उरकून निघायला नऊ वाजतात आणि ऐन उन्हात चढ लागतो. त्यापेक्षा पुढचा रविवार घ्या. ऑक्टोबरात गड. डिसेंबर-जानेवारीत हवं तर शाळेच्याच मैदानावर एक रात्र मुक्काम. मार्चनंतर वर्गात बसून नकाशा आणि गाठी.

कुठे जायचं

छत्रपती संभाजीनगरच्या शाळांची चंगळ आहे. गोगाबाबा टेकडी आणि औरंगाबाद लेणी पहिल्या महिन्यासाठी, भांगसीमाता गड दुसऱ्यासाठी. देवगिरी त्यानंतर. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तरी शाळेचं पत्र जवळ ठेवा. देवगिरीच्या अंधारीत, म्हणजे गडावर नेणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं आहेत, पायऱ्या ओल्या आणि उंच-सखल आहेत. आठ-आठच्या गटानेच आत जा, प्रत्येक गटात पुढे एक आणि मागे एक टॉर्च. पहिला गट बाहेर पडल्याची शिट्टी ऐकल्याशिवाय दुसरा आत सोडू नका. आत कुणी ओरडू लागलं की लहान मुलं घाबरून मागे वळतात आणि पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होते.

खरी डोंगरवाट हवी असेल तर अजिंठ्याच्या रांगेत या : सोयगावजवळचा वेताळवाडी, घटोत्कच लेणं असलेला जंजाळा, नायगावचा सुतोंडा, कन्नड तालुक्यातला अंतूर. पहिल्या गडासाठी वेताळवाडी चांगला. हळदा घाटाचा रस्ता गडाच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे कुणाला त्रास झाला तर गाडी जवळ आणता येते. हा निकष सगळीकडे लावा. गड किती देखणा आहे ते नंतर पाहू, अर्ध्या वाटेवरून मुलाला उचलून रस्त्यापर्यंत किती वेळात आणता येईल ते आधी.

जालन्याला रोहिलागड, बीडला धारूरचा किल्ला आणि पाटोद्याकडे सौताड्याचा परिसर, धाराशिवला येडशीचा रामलिंग, लातूरला उदगीरजवळचं हत्तीबेट, नांदेडला माहूर, हिंगोलीला औंढ्याच्या आजूबाजूच्या टेकड्या, परभणीला जिंतूरजवळची नेमगिरी. परभणीच्या सपाट तालुक्यांना चढाचा सराव मिळत नाही. त्यांनी शाळेच्या जिन्यावर करावा : पाठीवर तीन किलो, वीस मिनिटं वर-खाली, आठवड्यातून दोनदा. दिसायला विचित्र दिसतं, पण चढावर पोटऱ्या भरून येत नाहीत.

सौताड्याला किंवा कुठल्याही धबधब्याला पावसाळ्यात गेलात तर पाण्यात उतरायचं नाही. यात तडजोड नको.

आधी एक फेरी मोठ्यांची

मुलांना नेण्याच्या पंधरा दिवसांच्या आत दोन शिक्षकांनी त्याच वाटेने, त्याच वेळी जाऊन यावं. मागच्या वर्षीची माहिती चालत नाही, एका पावसाळ्यात वाट वाहून जाते आणि ढोरवाटाच जास्त मळलेल्या दिसतात. गुरं चारणारा गडी सोबत घ्या, तोच चांगला वाटाड्या. त्याला मोहिमेच्या दिवशीची मजुरी आधी ठरवून द्या.

वहीत उतरवायचं ते एवढं : फाटे कुठे फुटतात, घसारा (भुरभुऱ्या मुरमाचा निसरडा उतार) किती अंतराचा, सावलीची झाडं कुठे, मोबाईलला रेंज कुठे मिळते, मोहोळं कुठल्या बाजूला लटकली आहेत, आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र नि ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर. ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस सध्या शिल्लक आहे का ते विचारा. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 नकाशा मिळवा. त्यावर 1 सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक साधारण 20 मीटर. रेषा मोजल्या की चढ कळतो.

वेळेचं गणित

मुलांचा वेग सपाटीवर तासाला 3 किलोमीटर धरा, आणि प्रत्येक 100 मीटर चढाला 20 मिनिटं वाढवा. समजा गावापासून गड 3 किलोमीटर आणि चढ 250 मीटर. चालीचा एक तास, चढाची 50 मिनिटं, दोन विश्रांती मिळून दहा मिनिटं : दोन तास. उतरायला दीड तास, वर दीड तास. एकूण पाच तास. सात वाजता चढायला लागलात तर बाराला गावात, म्हणजे जेवण सावलीत. नऊला लागलात तर एक वाजता मुलं घसाऱ्यावर असतील, पाणी संपलेलं आणि पाय थरथरणारे. सगळी अडचण या दोन तासांत असते.

परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि मुलांसमोर सांगा : 'साडेनऊला आपण जिथे असू तिथून मागे फिरायचं.' वर गेल्यावर ठरवू म्हणाल, तर समोर दरवाजा दिसत असतो, मुलं 'सर, दहाच मिनिटं' म्हणतात आणि तुमचाही पाय पुढे पडतो. मुलांना पटवायला आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण आहे. मनीषा वाघमारे 2017 मध्ये एव्हरेस्टचं शिखर अगदी जवळ आलेलं असताना खराब हवामानामुळे मागे फिरल्या आणि 2018 मध्ये पुन्हा जाऊन शिखरावर उभ्या राहिल्या.

पाणी

ऑक्टोबरात एका मुलाला अर्ध्या दिवसाला तीन लिटर : दोन पाठीवर, एक परतीसाठी गाडीत. थंडीत एकूण दोन लिटर पुरे. गाडीत 20 लिटरचा एक जार राखीव ठेवा. गडावरच्या टाक्यातलं पाणी कितीही निवळ दिसलं तरी प्यायचं नाही, डोकं भिजवायला चालेल. तेही काठावर बसून मोठ्या माणसाने काढायचं, शेवाळलेल्या पायरीवर मुलाने उतरायचं नाही.

पाणी असूनही मुलं पीत नाहीत, ही खरी अडचण. म्हणून दर वीस मिनिटांनी शिट्टी, सगळ्यांनी उभ्या-उभ्या चार घोट. मुली तर मुद्दाम कमी पितात, कारण वाटेत लघवीला जायची सोय नसते. चक्कर येणाऱ्यांत मुली जास्त दिसल्या, तर 'नाजूक' म्हणून सोडून देऊ नका, कारण हे आहे. पायथ्याच्या गावातल्या शाळेचं स्वच्छतागृह आधी सांगून उघडं ठेवून घ्या. वाटेत आडोशासाठी एक जुनं लुगडं आणि दोन काठ्या सोबत ठेवा, आणि ही सोय आहे हे बाईंनी मुलींना निघण्यापूर्वीच सांगावं. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड हवेतच.

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच. निम्म्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकलं तर मीठ जास्त होऊन उलट्या होतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे : सावली, पाणी, अर्धा तास विश्रांती, आणि त्या मुलासाठी चढ तिथेच संपला. अंग तापलेलं आणि मूल असंबद्ध बोलतंय, तर तो उष्माघात. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच 108.

पाठीवर काय

शाळेचं दप्तर चालतं, दोन पट्टे हवेत. हातात पिशवी नको, पडताना हात मोकळे लागतात. आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळं सामान. टोपी किंवा उपरणं, पूर्ण बाह्यांचा सदरा, शिट्टी, छोटी टॉर्च, आणि नाव, रक्तगट, पालकांचा फोन लिहिलेली चिठ्ठी.

बुटांवर खर्च करायला लावू नका, पण तळवा तपासा. अंगठा फिरवून पाहा. खाचा लागल्या तर ठीक, गुळगुळीत लागला तर मुरमावर ते मूल घसरणार. कॅनव्हासचे साधे बूट पुरतात. नवे असतील तर निदान पंधरा दिवस शाळेत घालून रुळलेले हवेत. मोजे पोटरीपर्यंत लांब, कारण सप्टेंबरनंतर वाळलेल्या गवताचं कुसळ आखूड मोज्यात शिरतं आणि दर दहा पावलांवर एक मूल बूट काढायला बसतं.

खाण्याला धपाट्यांसारखं काही नाही. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, तीळ, ओवा घालून केलेली धपाटी दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, कुस्करत नाहीत आणि हाताने खाता येतात. दशम्याही चांगल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. ठेचा घरी ठेवा, तहान वाढवतो. वेफर्सची पाकिटं बंद करा, त्यांनी पोट भरत नाही आणि कचरा मात्र गडावर राहतो.

रांग, मोजणी, शिट्टी

प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी एक क्रमांक आणि एक जोडीदार. सगळ्यांत पुढे लीड, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. सगळ्यांत मागे टेल, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. लीडच्या मागोमाग सगळ्यांत हळू चालणारं मूल ठेवा. ते शेवटी असलं की दरवेळी पोहोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला न थांबता पुन्हा चढावं लागतं. दमतं ते असंच.

मोजणी डोक्यावर हात ठेवून करू नका. मुलांनीच आपापला क्रमांक मोठ्याने म्हणायचा, एक ते चोवीस. मधला आवाज आला नाही की कोण नाही ते त्याच क्षणी कळतं, आकडा चुकला म्हणून पुन्हा मोजायला लागत नाही. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक विश्रांतीनंतर आणि गाडीत बसल्यावर, गाडी सुरू व्हायच्या आधी मोजा.

एक शिट्टी थांबा, दोन चला. मिनिटभरात सहा म्हणजे मदत हवी. खेळ म्हणून कुणी सहा वाजवल्या तर त्या दिवसापुरती त्याची शिट्टी काढून घ्या.

घसारा

आपल्या डोंगरांवर कातळापेक्षा भुरभुरा मुरूमच जास्त पाडतो, आणि चढताना नाही, उतरताना. भीती वाटली की मूल मागे रेलतं. मागे रेललं की टाचांवरचा भार कमी होतो, पाय पुढे सटकतात आणि ते पाठीवर आपटतं. शिकवायचं ते उलट : गुडघे थोडे वाकवा, अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि आडवी, टाच आधी रोवा आणि मग भार टाका. सरळ खाली न येता नागमोडी या. वाळूच्या किंवा मुरमाच्या ढिगावर शाळेजवळच दहा-दहा वेळा करून घ्या.

घसाऱ्यावर एका वेळी एकच जोडी. वरून दगड सुटला तर 'दगड!' अशी आरोळी, आणि खालच्यांनी वर पाहायचं नाही. दप्तर डोक्यावर, अंग डोंगराला चिकटवायचं.

आग्या मोहोळ, विंचू, साप, वीज

कड्यांवर, दरवाज्यांच्या कमानींखाली आणि लेण्यांच्या कपाळपट्टीवर आग्या मोहोळं असतात. माश्या उठतात त्या धुराने, दगडाने, भडक वासाने आणि आरडाओरड्याने. म्हणून त्या दिवशी अत्तर नाही, वासाचं तेल नाही, वर चूल किंवा उदबत्ती नाही. फेरीच्या वेळी टिपून ठेवलेल्या मोहोळापासून लांबून, गप्प जायचं. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. उपरण्याने तोंड-डोकं झाका आणि आलेल्या वाटेने लांब निघा, झाडीत शिरता आलं तर उत्तम. कड्याच्या दिशेने धावायचं नाही, हे मुलांकडून आधीच दोनदा वदवून घ्या. काटा नखाने खरवडून काढा. खूप डंख, ओठ सुजणं किंवा श्वास लागणं दिसलं की थेट दवाखाना.

दगड उलटायचे नाहीत, फटीत हात घालायचा नाही. लाल विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर वेळ दवडू नका. यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी महाडमध्ये काम करताना दाखवून दिलं. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यायचं. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही. चावलेला भाग हलणार नाही असा ठेवून उचलून गाडीपर्यंत न्या.

परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी, वीज पडते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर माथा आणि एकटं झाड ताबडतोब सोडा.

पेटीत 24 मुलांसाठी : ओआरएस 20, दहा सेंटीमीटरचे क्रेप बँडेज 4, त्रिकोणी पट्ट्या 4, गॉज, पोविडोन आयोडीन, कात्री, हातमोजे, आणि बारीक टोकाचा चिमटा. सगळ्यांत जास्त वापर चिमट्याचाच होतो. वन विभागाची मदतवाहिनी 1926 आणि आपत्कालीन 112 पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा.

दोर

पहिल्या वर्षी दोर नको. दुसऱ्या वर्षी रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) करायचंच असेल तर प्रशिक्षित लोकांकडून, त्यांच्याच साहित्यावर. शाळेने दोर विकत घेतला की तो क्रीडासाहित्याच्या खोलीत चुन्याच्या गोणीशेजारी पडतो आणि रस्सीखेचीला बाहेर येतो. तसा दोर माणसाच्या भाराला लायक राहत नाही. गाठी शिकवायला सहा मिलिमीटरची सुताची दोरी आणि बाकाचा पाय पुरतो : आधी आठाची गाठ, मग बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची गाठ). डोळे बांधून तीस सेकंदांत जमली की आली म्हणायची. पुढे एखाद्या मुलाला खरंच गिर्यारोहण करायचं असेल, तर त्याला उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट यांची माहिती द्या. त्यांचा बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो.

सोमवारी

एसटीने गेला असाल तर शालेय सहलीची 50 टक्के सवलत मिळते. शाळेच्या शिक्क्यासह अर्ज आगारात आधीच द्यावा लागतो, आयत्या वेळी खिडकीवर ती मिळत नाही. हिशेब सोमवारीच फलकावर लावा.

त्याच दिवशी मुलांना वही द्या आणि तीन गोष्टी लिहायला सांगा : पाणी किती उरलं, कुठे दम लागला, कुठे भीती वाटली. दोन लिटर पाणी तसंच घरी आणणारी मुलं यातून सापडतात. ज्या वळणावर चार जणांनी 'भीती वाटली' लिहिलं असेल, तिथे पुढच्या खेपेला एक मोठं माणूस उभं करा.